कंटाळवाणा फुटबॉल, रेलिगेशन आणि एक गायब झालेला क्लब

आजचा एपिसोड फुटबॉलचा आहे. पण आधीच सांगतो, मेस्सी-रोनाल्डोचा नाही. आज मुंबईच्या अशा एका क्लबची गोष्ट आहे, जो आता अस्तित्वातच नाही. मिझोरामच्या एका क्लबची आहे, जो खाली पडला आणि वर्षभरात भारताचा चॅम्पियन झाला. आणि एका कोचची आहे, जो या दोन्ही ठिकाणी जवळपास एकाच पद्धतीचा फुटबॉल खेळवत होता. एका शहरात लोक त्या खेळाला कंटाळले, दुसऱ्या शहरात त्याच खेळासाठी लोक रस्त्यावर उतरून नाचले.

तर प्रश्न असा, की टीम खाली घसरली, किंवा टीमची खेळायची स्टाइल बदलली, की फॅनच्या मनात नेमकं काय बदलतं? मला वाटतं याचं उत्तर भारतात शोधायचं असेल तर २०१५ ते २०१७ ही दोन-तीन वर्षं पुरेशी आहेत.

आधी रेलिगेशन म्हणजे काय?

आपण आयपीएलवर वाढलेली पोरं. आयपीएलमध्ये टीम शेवटची आली तरी पुढच्या वर्षी तिथेच असते. आरसीबी सतरा सीझन ट्रॉफीशिवाय राहिली, पण म्हणून तिला कोणी खालच्या लीगमध्ये पाठवलं नाही. फुटबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी तसं चालत नाही. तळाला राहिलात की खालच्या डिव्हिजनमध्ये जायचं, आणि तुमच्या जागी खालून कोणीतरी वर येणार. यालाच म्हणतात रेलिगेशन आणि प्रमोशन.

इंग्लंडमध्ये फुटबॉल लीगची दुसरी डिव्हिजन १८९२ साली सुरू झाली. सुरुवातीला वरच्या आणि खालच्या टीममध्ये खास मॅच लावून कोण वर, कोण खाली हे ठरवायचे. १८९८ पासून थेट टेबल बघूनच निकाल लागायला लागला. म्हणजे सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ तिथला फॅन ही भीती घेऊन जगतोय. आजोबा, बाप, पोरगा, सगळे तेच टेबल बघतात.

आणि खाली जाणं म्हणजे सगळं संपणं असं तिथे नसतं. सगळ्यात भारी उदाहरण मँचेस्टर युनायटेडचं. १९६८ साली युरोपियन कप जिंकलेला हा क्लब १९७४ मध्ये रेलिगेट झाला. बरोब्बर सहा वर्षांत! १९७३-७४ च्या सीझनमध्ये खेळ इतका बचावात्मक आणि गोलचा इतका दुष्काळ, की पेनल्टी मारायला गोलकीपर ॲलेक्स स्टेपनीला पुढे पाठवायचे. आणि ख्रिसमसपर्यंत दोन गोल करून हा गोलकीपरच टीमच्या टॉप स्कोअरर लोकांमध्ये बसला होता. हसू नका, खरं आहे.

पण पुढचं ऐका. क्लबने कोच टॉमी डॉकर्टीला काढलं नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये त्याने तरुण पोरांना घेऊन मोकळा, अटॅकिंग फुटबॉल खेळवला. १९७४-७५ मध्ये युनायटेड सेकंड डिव्हिजनमध्ये होता, आणि तरी त्याच्या होम मॅचना येणारी सरासरी गर्दी अख्ख्या इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त होती. पहिल्या डिव्हिजनच्या टीमपेक्षाही जास्त! एका वर्षात ते चॅम्पियन होऊन वर आले, आणि १९७७ मध्ये एफए कपही जिंकले. लाज, राग, मग उत्सुकता, मग पुन्हा प्रेम. फॅनच्या भावनांचं एक पूर्ण चक्र तिथे फिरलं.

हे चक्र लक्षात ठेवा. कारण आपल्याकडे ते अर्ध्यावरच तुटतं.

मुंबई एफसी : दरवर्षी वाचणारी टीम

आता आपल्या राज्यात या. २००७ साली नॅशनल फुटबॉल लीगच्या जागी आय-लीग आली. त्याच वर्षी मुंबई एफसी हा क्लब सुरू झाला. मालक एस्सेल ग्रुप, पहिला कोच इंग्लंडचा डेव्हिड बूथ. २००८ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून टीम थेट वरच्या लीगमध्ये आली. म्हणजे या क्लबने स्वतःची जागा मैदानावर कमावली होती.

२००९ मध्ये टीमचा कोच झाला खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसीकडून खेळलेला. दुखापतींमुळे खेळणं लवकर थांबलं आणि वयाच्या बत्तिशीत तो कोच झाला. त्या वयात आपल्याकडे पोट्टे अजून करिअर काय करायचं ते ठरवत असतात!

मुंबई एफसीकडे कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगालसारखी लाखोंची गर्दी नव्हती. गोव्याच्या डेम्पो, साळगावकरसारखी मोठी परंपरा नव्हती. कूपरेजच्या कामामुळे मधली काही वर्षं तर घरच्या मॅच पुण्यात, बालेवाडीला खेळाव्या लागल्या. अशा टीमने काय खेळावं? खालिदने ठरवलं, आधी गोल खायचा नाही. मागे घट्ट उभं राहायचं, बॉल मिळाला की लांब पुढे मारायचा, सेट-पीसवर डोकं लावायचं, आणि एखादा पॉइंट घेऊन घरी जायचं.

सात सीझन हे चाललं. सातही वेळा टीम रेलिगेशनपासून वाचली.

आता फॅन म्हणून विचार करा. पहिल्या वर्षी वाचलो तर आनंद. दुसऱ्या वर्षी सुटकेचा निःश्वास. पाचव्या वर्षी? "नुसतं लांब मारतात राव", "किती डिफेन्सिव्ह खेळायचं", "असंच आयुष्यभर दहाव्या नंबरवर राहायचं का?" ही टीका खालिदच्या टीमवर सतत व्हायची. आणि ती खोटी नव्हती. तो खेळ बघायला खरंच अवघड होता.

त्यात २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली. त्याच शहरात मुंबई सिटी नावाची दुसरी टीम उभी राहिली. मालकांमध्ये रणबीर कपूर, मैदानात युंगबर्ग, आनेल्का, नंतर फोर्लान. लाइट्स, म्युझिक, टीव्हीवर चकाचक प्रक्षेपण. एकीकडे हे आणि दुसरीकडे भर दुपारी कूपरेजवर शून्य-शून्य. तुम्ही कुठे जाल?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला यात आमच्या ऑप्सवाल्यांची आठवण येते. सर्व्हर वर्षभर नीट चालला तर कोणी त्यांना फोन करून थँक यू म्हणत नाही. उलट मीटिंगमध्ये प्रश्न येतो, की हे लोक नेमकं करतात काय? वाचत राहणं हे काम असं आहे, की ते नीट झालं तर दिसतच नाही.

२०१६ मध्ये मुंबई एफसी नऊ टीमच्या टेबलमध्ये मधोमध राहिली. आणि त्याच उन्हाळ्यात खालिद आणि क्लब यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

तिकडे गोव्यात आणि मिझोराममध्ये

इथे गोष्ट थोडी मागे न्यावी लागेल, कारण दोन क्लब एकमेकांना न भेटता एकमेकांचं नशीब बदलतात.

पहिला क्लब गोव्याचा डेम्पो. नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा भारताचा चॅम्पियन. आर्मांडो कोलासो या गोव्याच्याच कोचने एका दशकाहून जास्त काळ तिथे छोट्या पासेसचा, देखणा फुटबॉल खेळवला. २००८ मध्ये ही टीम एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेली. २०१३ मध्ये कोलासो गेला, मग परदेशी कोच आले, पद्धती बदलल्या. आणि २०१४-१५ च्या सीझनअखेर डेम्पो रेलिगेट झाला. गंमत बघा, त्यांच्याही खाली पुण्याची भारत एफसी होती. पण ती नवी, थेट प्रवेश घेतलेली टीम असल्यामुळे तिला रेलिगेशनमधून सूट होती. पाच वेळचा चॅम्पियन खाली, आणि शेवटचा नंबर सुरक्षित. डेम्पोच्या फॅनला काय वाटलं असेल सांगा.

पण डेम्पो इंग्लंडच्या क्लबसारखा वागला. बंद नाही पडला. सेकंड डिव्हिजन खेळला, २०१६ मध्ये ती जिंकला आणि वर यायची जागा मिळवली.

दुसरा क्लब आयझॉल एफसी. २०१५ मध्ये प्रमोशन मिळवून आय-लीगमध्ये आलेला मिझोरामचा पहिला क्लब. पहिल्याच सीझनमध्ये आठवा नंबर. नववा नंबर होता पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचा, पण त्यांनाही तीच सूट. म्हणून रेलिगेशन कोणाच्या वाट्याला? आयझॉलच्या. आणि कमाल म्हणजे, याच आयझॉलने त्याच महिन्यांत फेडरेशन कपमध्ये बेंगळुरूसारख्या लीग चॅम्पियनला बाहेर काढून फायनल गाठली. फायनलमध्ये मोहन बागानने त्यांना पाच-शून्यने धुतलं, ते सोडा. पण रेलिगेट झालेली टीम देशाच्या कपची फायनल खेळतेय, या भावनेला नाव काय द्यायचं? धड दुःखही करता येत नाही आणि आनंदही.

मग २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने आयएसएलला वरची लीग करायचा आराखडा मांडला. त्याच्या निषेधात गोव्याच्या तीन क्लबनी, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंगने, आय-लीगमधून अंग काढून घेतलं. डेम्पोने मैदानात कमावलेली जागा स्वतः सोडली. जागा रिकाम्या झाल्या, आणि त्यातली एक आयझॉलला परत मिळाली.

आणि आयझॉलने कोच म्हणून कोणाला बोलावलं? मुंबईतून मोकळा झालेल्या खालिद जमीलला.

एक सीझन, दोन टोकं

२०१६-१७. खालिद आयझॉलला गेला, सोबत मुंबई एफसीकडून आधी खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हेही गेले. मिझो पोरांचा वेग, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना, आणि मागे तीच जुनी, घट्ट, चिवट रचना. एका गोलने जिंकलेल्या मॅच बऱ्याच. २२ एप्रिल २०१७ ला आयझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध झोमिंगलियाना राल्तेचा हेडर, एक-शून्य. मुंबईत याच एक-शून्यला लोक "कसंबसं जिंकले" म्हणायचे.

३० एप्रिल. शेवटची मॅच शिलाँगमध्ये, लाजाँगविरुद्ध. आयझॉलला एक पॉइंट पुरेसा होता. लाजाँगने आधी गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान जिंकायच्या मार्गावर. मी तेव्हा बीटेकला होतो, मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करून करून बॅटरी संपवली होती. दुसऱ्या हाफमध्ये विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. एक-एक. आयझॉल ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय चॅम्पियन. शिलाँगहून परतताना टीमच्या स्वागताला रस्त्यांवर माणसांची रांग लागली होती. वर्षभरापूर्वी रेलिगेट झालेली टीम!

आणि मुंबई? मुंबई एफसीने संतोष कश्यपला कोच केलं. सीझन बिघडत गेला, मार्चमध्ये त्याच्या जागी स्पेनचा ऑस्कर ब्रुझोन आला. ब्रुझोनचा विचार उलटा. बॉल आपल्याकडे ठेवा, पास करा, खेळ उभारा. माणूस कच्चा नव्हता. पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जला त्याने लीगमागून लीग जिंकून दिल्या. पण तळाला अडकलेल्या, घाबरलेल्या टीमला सीझनच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत नवी स्टाइल शिकवणं म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन बदलणं. टीम शेवटची आली. रेलिगेट झाली.

म्हणजे एकाच सीझनमध्ये "कंटाळवाणा" कोच चॅम्पियन, आणि त्याला सोडलेला क्लब तळाला. स्क्रिप्ट म्हणून लिहून दिली असती तर कोणी फिल्मी म्हणून फेकली असती.

नागपूरकरांना हे ओळखीचं वाटेल

आता तुम्हाला दुसरी एक गोष्ट आठवली असेल. चंद्रकांत पंडित. मुंबईला २०१५-१६ ची रणजी ट्रॉफी जिंकून दिली, पुढच्या वर्षी फायनलपर्यंत नेलं, फायनल हरले आणि मुंबईचं कोचपद गेलं. तो माणूस २०१७ मध्ये आपल्याकडे विदर्भाला आला. वसीम जाफर होताच. कडक शिस्त, नो नॉनसेन्स. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, आणि विदर्भाची पहिली रणजी ट्रॉफी. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

विदर्भाच्या टीमने त्याआधी रणजीच्या प्लेट गटात वर्षं काढलेली. आपल्याला त्या शिस्तीचा कधी कंटाळा आला का? नाही आला. कारण आपण खालून वर बघत होतो. आणि मुंबईचा क्रिकेट फॅन फायनल हरल्यावर नाराज होता, कारण तो वरून खाली बघत होता.

माझं म्हणणं इतकंच आहे. आपण म्हणतो "मला अटॅकिंग फुटबॉल आवडतो" किंवा "मला डिफेन्स आवडतो". पण फॅन स्टाइलकडे सुटी म्हणून कधीच बघत नाही. तो शिडीवर कुठे उभा आहे त्यावरून त्याला खेळ कसा दिसतो ते ठरतं. मुंबईत सात वर्षं एकाच पायरीवर उभं राहून लोकांना तो बचाव म्हणजे तुरुंग वाटला. आयझॉलमध्ये नुकतीच एक पायरी निसटलेली, वर जायची आशा लागलेली, तिथे तोच बचाव म्हणजे हिंमत वाटली.

यात फॅन चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सात वर्षं शून्य-शून्य बघणाऱ्या माणसाला थोडं सौंदर्य मागायचा हक्क आहे.

मग खरा तोटा कशात झाला?

रेलिगेशन झालं, हा तोटा नाही. ते युनायटेडचंही झालं. तोटा त्यानंतर झाला. २०१७ मध्ये खाली गेल्यावर मुंबई एफसी सेकंड डिव्हिजन खेळायला उतरलीच नाही. क्लब बंद झाला. ब्रुझोनची स्टाइल खालच्या डिव्हिजनमध्ये वर्षभर मुरली असती तर काय झालं असतं? फॅनने आधी शिव्या घातल्या असत्या, मग एखाद्या संध्याकाळी सलग वीस पास बघून टाळ्या वाजवल्या असत्या. ती संध्याकाळ आलीच नाही. राग आला, आणि तो राग ठेवायला क्लबच उरला नाही.

आणि मुंबई एफसी एकटी नाही. १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकणारी पंजाबची जेसीटी २०११ मध्ये रेलिगेट झाली आणि त्याच वर्षी बंद पडली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गेली. पुण्याची भारत एफसी एका सीझनमध्ये संपली, पुणे एफसीही गेली, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडली. म्हणजे दहा वर्षांच्या आत मुंबई-पुण्यातून पाच टीम गायब. यातल्या काही तर रेलिगेटही झाल्या नव्हत्या.

दुसरीकडे आयएसएल. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत अकरा सीझन झाले, एकही टीम रेलिगेट झाली नाही. खालून वर यायचं दार २०२३ मध्ये पंजाबसाठी पहिल्यांदा उघडलं, मग मोहम्मेडन स्पोर्टिंग आली. पण खाली कोणी गेलं नाही. त्या अकरा सीझनमध्ये तिथे टीम रेलिगेट होत नव्हती, शहर बदलायची. पुण्याची टीम गेली आणि तिच्या जागी २०१९ मध्ये हैदराबाद आली. दिल्लीची टीम ओडिशाला गेली. पुण्याच्या फॅनला टीम हरल्याचं दुःख झालं नाही, ती ॲपवरून डिलीट झाली. माझ्या मते हे रेलिगेशनपेक्षा वाईट आहे. रेलिगेशनमध्ये निदान पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तरी हातात असतं.

म्हणून मला डेम्पोबद्दल आदर वाटतो. २०१६ मध्ये लीग सोडली, पण क्लब जिवंत ठेवला, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि मग खालच्या लीगमधून मार्ग काढत २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आले. ज्या पोराने २०१५ मध्ये शाळेत असताना ते रेलिगेशन बघितलं, तो आता नोकरीला लागून मॅच बघायला जाऊ शकतो. त्याचं चक्र पूर्ण झालं.

आणि खालिद? तो नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये आयएसएलच्या प्लेऑफमध्ये घेऊन गेला. कोच म्हणून ते करणारा तो पहिला भारतीय. नंतर जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारताचा कोच. सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आला, तेव्हा "चिवट" म्हणून कौतुक झालं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो, आशियाई कपचं तिकीट हुकलं, आणि "हा असला खेळ किती दिवस बघायचा?" परत सुरू. माणूस तोच, पाच आठवड्यांचा फरक.

आपल्या इथे, नागपूर-कामठीत, अजूनही फुटबॉलची जुनी माणसं भेटतात. रब्बानी क्लबचं नाव घेतलं की कामठीतला माणूस तासभर बोलतो. जिल्ह्याच्या लीगमध्येही डिव्हिजन आहेत, वर-खाली होणं आहे. तिथे टीव्ही नाही, रणबीर कपूर नाही, पण पुढच्या वर्षी टीम असणार याची खात्री मुंबई एफसीच्या फॅनपेक्षा जास्त आहे.

तुमच्या गल्लीतली, शाळेतली, ऑफिसची टीम कधी खालच्या डिव्हिजनमध्ये गेली असेल, आणि तरी तुम्ही पुढच्या वर्षी बघायला गेला असाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची चालेल, मागे कुकरच्या शिट्ट्या वाजल्या तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवतो. भेटूया, काळजी घ्या.